पायात उतरणारा घास

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक खाद्य हातात घेऊन बघतं. कुणी वास घेतं, कुणी पिशवीवरची तारीख वाचतं. थावराकाका आडे मात्र ते खातात.

खातात म्हणजे खरोखरच खातात. कुत्र्यांच्या खाद्याचे तपकिरी दाणे मूठभर तळहातावर घ्यायचे, त्यातले चार निवडून तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि दाढेखाली कुडुमकुडुम आवाज करत काउंटरसमोर उभं राहायचं. गिळून झालं की जरा थांबायचं. मग डोळे उघडून निकाल द्यायचा. "ताई, हे झोपाचं अन्न हाय. धावाचं नाई."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा उपाशी असावा. मी घाईघाईनं चहा मागवला आणि बशीत चार बिस्किटं ठेवली. काकांनी एक उचललं, डोळे मिटले, चावलं. "हेबी झोपाचंच," असं म्हणून उरलेली तीन त्यांनी माझ्याकडे सरकवली.

पुसदला आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. सरकीची ढेप, तुरीची चुनी, कोंबड्यांचं खाद्य हा मूळ धंदा. अलीकडे गावात कुत्री पाळायची हौस वाढली, म्हणून त्यांच्या खाद्याच्या पिशव्याही ठेवायला लागले. ते गिऱ्हाईक निराळं. त्यांची कुत्री सोफ्यावर बसतात, आणि पिशवीवरच्या फोटोतलं कुत्रं आपल्या कुत्र्यासारखं दिसतंय की नाही, एवढं बघून ही मंडळी खरेदी करतात. जनावराच्या पोटात जाणारं सगळं मला कळतं असा माझा समज होता, आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. थावराकाका दुकानात यायला लागले आणि त्या समजाची पार वाट लागली.

पुसदहून उमरखेडच्या रस्त्याला लागलं की डोंगराच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. काका तिथले. वय सत्तरीच्या पुढे, नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नाही. उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेलं. अंगात धोतर-सदरा आणि पायात शाळकरी मुलं घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. धोतरावर बूट कशाला, असं मी एकदा विचारलं. "चपला मागं राह्यतात," काका म्हणाले. त्यांच्याकडे तीन शिकारी कुत्री आहेत, आणि कुत्री धावली की काकाही त्यांच्यामागे धावतात.

त्यांच्या पूर्वजांचे तांडे बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हापासून ही कुत्री त्यांच्या घरात आहेत. लांब पाय, खोल छाती, कंबर अशी की दोन हातांच्या ओंजळीत मावावी. आजोबांनी या कुत्र्यांच्या जिवावर शिकार केली. काका करत नाहीत.

"शिकार बंद," ते बोट वर करून सांगतात. "कायदा म्हन्जे कायदा. मी सशालेबी तोंड लावू देत नाई. पन पाय बंद करा, असं कायद्यात कुठं लिवलं हाय?"

तेव्हा या कुत्र्यांचं काम आता एकच. तांड्याच्या शेतांत तूर आणि हरभरा उभा राहिला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, कळपानं उतरतात. दिवस मावळताना आणि उजाडताना काका कुत्री सोडतात. कुत्री कळपाला जंगलापर्यंत हाकलत नेतात आणि शेवटच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचली की काका तोंडात दोन बोटं घालून शीळ घालतात. तिथून कुत्री माघारी वळतात. धुऱ्यापलीकडे एक पंजा पडत नाही. काकांच्या चार एकरांबरोबर शेजारच्या साऱ्या शेतांची राखण अशी आपोआप होते.

एवढं धावणाऱ्या जिवानं खायचं काय, हा काकांच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न आहे. इतर माणसं निवडणुकीचा विचार करतात तितक्या गंभीरपणे ते भाकरीचा विचार करतात. "पोटात तं सगळंच जाते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पायात काय उतरते, ते सांगा." हा प्रश्न ते कुणालाही आणि कशाबद्दलही विचारतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी बुंदीवाल्या आचाऱ्याला विचारला होता. एकदा माझ्याकडे आपादमस्तक बघून म्हणाले, "ताई, राग नका मानू, पन तुमचं सगळं मधातच, पोटापाशीच थांबून राह्यलं." मी राग मानला. आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

कंपनीचा प्रतिनिधी आला होता, तो दिवस मी विसरणार नाही. टाय लावलेला, हातात चकचकीत तक्ता. पळणाऱ्या कुत्र्यांसाठी खास खाद्य, त्यात प्रथिनं किती, स्निग्धांश किती, सगळं त्यानं इंग्रजाळलेल्या मराठीत घडाघडा सांगितलं. काका ढेपेच्या पोत्यावर बसून मन लावून ऐकत होते.

"साहेब," तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तुमी कितीक दिवस खाल्लं हे?"

प्रतिनिधी हसला. काका हसले नाहीत.

"मी आठ दिवस खातो. मंगच कुत्र्याले देतो. आमच्यात लेकराले भरवाच्या आधी याडी, म्हन्जे माय, चाखून पाहाते. तुमच्यात नाई पाहात?"

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळ्यांचे डोळे त्या बिचाऱ्यावर. शेवटी त्यानं दोन दाणे तोंडात टाकले.

"कसं लागते?"

"खारट."

"बरोबर. आता सांगा, खारट काहून केलं? कुत्रं घटाघटा पानी पिईन. भरल्या पोटानं धावलं तं आतडं पिळते. पिळलं का संपलं. तुमच्या कागदावर हे कुठं हाय?"

त्या प्रतिनिधीनं खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. मी मागाहून गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, भरल्या पोटी धावणं अशा कुत्र्यांना जिवावरचं असतं, म्हातारा बरोबर बोलतोय. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस चार दाणे चावून हे सांगतो, या विचारानं मी त्या दिवशी दोन वेळा ढेपेचं वजन चुकीचं केलं.

त्यांचे सगळेच प्रयोग मात्र असे चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. एकदा ते पळसाच्या पानात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. मला वाटलं देवीचा प्रसाद. मी हात धुऊन पुढे आले. त्यांनी काउंटरवर पान उलगडलं. आत कुत्रीनं सकाळी केलेली शी होती.

"पाहा ताई. बांधा पक्का, वास कमी, रंग एकसारखा. तुमचं नवीन खाद्य पास झालं."

सोफ्यावरच्या कुत्र्याच्या मालकीणबाई तेवढ्यात आत येत होत्या, त्या पायरीवरूनच परत फिरल्या. आमच्या दुकानाला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र, आणि ते भिंतीवर टांगायची काही सोय नव्हती.

महिन्यातून एकदा काका तिन्ही कुत्री वजनाला आणतात. सुंदरी ही म्हातारी आई. तिचा मुलगा बाण, आणि तुरीच्या शेतात जन्मली म्हणून मुलीचं नाव तुरी. पोती मोजायच्या काट्यावर तिघं एकामागून एक आपणहून चढतात आणि आकडा थांबेपर्यंत कान हलवत नाहीत. माझी गिऱ्हाइकंसुद्धा रांगेत इतकी शहाण्यासारखी उभी राहत नाहीत. गंमत म्हणजे काकांचा काट्यावर विश्वास नाही. ते बरगड्यांवरून हात फिरवतात. "मागच्या तीन बरगड्या दिसल्या पाहिजे, चौथी हाताले लागली पाहिजे." हात फिरवून ते आधी सांगतात, अर्धा किलो वाढली, पाव किलो उतरली, आणि मग काटा तेच दाखवतो. मी त्यांना पकडायचा पुष्कळ प्रयत्न केला. काटा चुकीचा लावूनसुद्धा पाहिला. "ताई, काटा बिघडला वाटते तुमचा," एवढंच ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे स्कूटरवरून खाद्याची पिशवी पोचवायला गेले. खरं कारण, मला ते धावणं बघायचं होतं. सूर्य डोंगराला टेकला होता. काकांनी मला धुऱ्यावर उभं केलं आणि बोलू नका अशी खूण केली. हरभऱ्यात काहीतरी काळं हललं. डुकरांचा कळप. काकांनी नुसता हात खाली केला आणि तिन्ही कुत्री सुटली. भुंकणं नाही, आरडाओरडा नाही. त्यांचे पाय जमिनीला लागतात की नाही तेच मला कळेना. आणि मागे धोतराचा काचा मारलेला, बूट घातलेला सत्तरीचा माणूस. तोही तसाच, आवाज न करता. कळप झाडीत शिरला, शीळ ऐकू आली, आणि पुढच्या क्षणाला रान असं शांत झालं की जणू काही घडलंच नव्हतं. सर्वांत पुढे होती सुंदरी. आई होती, म्हातारी होती, तरी पुढे तीच.

मग जेवण. त्यातही घाई नाही. घरात येऊन कुत्री आपापल्या जागी बसली. काकांनी एकेकाच्या कुशीला हात लावून श्वास मोजला. श्वास बसला तेव्हा थोडंसं पाणी. आणखी थोड्या वेळानं ज्वारीच्या भाकरीचा चुरा, हाडं उकळून, गाळून काढलेलं पाणी, वरून चमचाभर तूप आणि भिजवलेले माझ्या दुकानातले दाणे. आधी सुंदरी, मग बाण, मग तुरी. तिघांचं झालं की शेवटी काका.

"तुम्ही काहून मागं?" मी त्यांच्या बोलीत विचारलं.

"धावल्याबिगर घास नाई," ते म्हणाले. "ज्यानं जास्त धावलं त्यानं आधी खावं. मी सगळ्यात मागं असतो, तं मागून खातो. पिल्लू असल्यापासून हेच शिकवलं. हात लागल्याशिवाय भांड्याले तोंड लावत नाई कोनी."

मला ते फार आवडलं. घरी येऊन मी नवऱ्याला हा नियम सांगितला. तो म्हणाला, आपल्याकडे हा नियम लागू केला तर आपण दोघंही उपाशी मरू.

त्यानंतर दीड महिन्यानं एका सकाळी काका ऑटोतून दुकानासमोर उतरले. सुंदरी त्यांच्या मांडीवर होती. आदल्या संध्याकाळी धावता धावता ती शेताच्या मध्यात खाली बसली होती. डॉक्टरांकडे दाखवून ते तसेच माझ्याकडे आले होते.

"हार्ट थकलं म्हणते डॉक्टर," काका म्हणाले. "धावनं बंद. खानं हलकं द्या म्हणते. ताई, तुमच्याकडे म्हाताऱ्या कुत्र्याचं असते ना ते?"

मी ती पिशवी काढून दिली. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटले. त्या दिवशी ते फार वेळ चावत राहिले. "चांगलं हाय," शेवटी म्हणाले. ते खोटं बोलत होते हे मला समजत होतं. मीही मान डोलावली.

दोन दिवसांनी ते परत आले. सुंदरी खात नव्हती. बाण आणि तुरी संध्याकाळी काकांच्या धाकट्या भावाबरोबर, बाबूसिंगबरोबर, शेतात जात. सुंदरीला काका खाटेजवळ बांधत. दोघं परत आले की तिच्यापुढेही भांडं ठेवत. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहत असे.

मग माझ्यातली दुकानदारीण जागी झाली. कुत्रं खात नाही म्हणजे खाद्य चुकलं, हे माझं गणित. मी दुसऱ्या बनावटीची पिशवी दिली. मग तिसरी. काकांनी भाकरी दह्यात कालवून पाहिली, कोंबडीची कलेजी शिजवून पाहिली, अंडं फोडून घातलं. सुंदरीनं कशालाच तोंड लावलं नाही. डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावलं आणि स्पष्ट सांगितलं की औषधावर ती जास्त दिवस काढणार नाही, पोटात अन्न गेलं तरच वाचेल. तिच्या मागच्या तीन बरगड्यांऐवजी आता सगळ्याच दिसत होत्या.

चौथ्या दिवशी बाबूसिंगच्या बायकोचा फोन आला. ती थोरल्या दिराला, म्हणजे काकांना, भासरे म्हणते. "ताई, ती खाऊन नाई राह्यली अन् भासरेबी खाऊन नाई राह्यले. तिचं झाल्याशिवाय जेवत नाई म्हन्तात. ताट नेलं, तं हात जोडतात. तुमचं आयकतात ते, तुमी सांगा काईतरी."

मला रडू आलं, आणि रागही आला. नियम म्हणजे नियम, हे मला इतके दिवस मोठं कौतुकाचं वाटत होतं. मी नागपूरहून डब्यातलं ओलं खाद्य मागवलं. आजारी कुत्री यावर तुटून पडतात, असं मला सांगितलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोचलं. नवऱ्याला दुकानात बसवलं आणि स्कूटर तांड्याकडे सोडली.

पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. काकांच्या अंगणात कुणी नव्हतं. तांड्यातल्या बायका मात्र वाटेच्या कडेला उभ्या राहून शेताकडे बघत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी डबा हातात धरून पुढे झाले.

धुऱ्यावरून थावराकाका धावत होते. त्यांना धावताना मी आधी पाहिलं होतं, म्हणून सांगते, हे ते धावणं नव्हतं. एक पाय ओढत, गुडघ्याला हात लावत, मध्येच ठेचकाळत ते निघाले होते. त्यांच्या मागून सुंदरी येत होती. बांधलेली नव्हती. धावत नव्हती, चालतच होती, पण मान पुढे काढून, कान मागे टाकून. काकांनी वेग आणखी कमी केला. ती त्यांच्या बरोबरीला आली, मग पुढे गेली. बाभळीचं झाड आलं तशी शीळ ऐकू आली. सुंदरी थांबली, वळली. जेमतेम तीस पावलं झाली असतील. काका धाडकन जमिनीवर बसले आणि मोठमोठ्यानं धापा टाकायला लागले.

"हारलो ना बापा!" ते तांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. "म्हातारीनं हारवलं मले!"

बायका खो खो हसल्या. अवघ्या पंचक्रोशीत या माणसाला धावण्यात कुणी गाठू शकत नाही, आणि तो असा मातीत बसून स्वतःची फजिती गावाला सांगत होता. सुंदरी त्यांच्यापाशी आली. काकांनी तिच्या कुशीला हात लावला आणि श्वास मोजायला लागले. किती तरी वेळ त्यांचा हात तिथेच होता. मग थोडं पाणी. मग जर्मनचं नेहमीचं भांडं पुढे सरकवलं. त्यात माझ्या दुकानातलं ते म्हाताऱ्या कुत्र्याचं खाद्य होतं, पहिल्या दिवशी नेलेलं. सुंदरीनं खाली मान घातली आणि खायला लागली.

मी डबा तसाच हातात घेऊन उभी होते. नागपूरचा डबा. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका आनंदही झाला नव्हता.

"खाद्यात चूक नव्हती ताई," काका म्हणाले. ते अजून खालीच बसले होते. "मीच येडा. जनमभर तिले शिकवलं, धावल्याबिगर घास नाई. अन् आता बसल्या जागी भांडं समोर ठेवू राह्यलो. ती कशी खाईन? डॉक्टरले इचारलं, म्हणे हळू चालली तं चालते. कालपासून चालू केलं. काल अर्धं खाल्लं. आज पाहा."

"पण तुम्हाला सुचलं कसं हे?"

सुंदरी भांड्याचा तळ चाटत होती, तिकडे ते बघत होते.

"सीताबाईवरून," ते म्हणाले.

सीताबाई म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी वारली, एवढंच मला माहीत होतं. काका तिच्याबद्दल कधी बोलत नसत.

"तिलेबी डॉक्टरनं आराम सांगतला होता. मी म्हन्लं, बस तू आता, कायलेच हात नको लावू. चूल मी पेटवली, पानी मी भरलं, कापूसबी एकट्यानं येचला. ताट तिच्या हातात नेऊन देत होतो. मले वाटे, मी लय चांगलं करून राह्यलो." त्यांनी मातीत बोटानं एक रेघ ओढली. "तिनं खानं सोडलं. मी रोज नवीन काई आनो. कधी मासोळी, कधी बुंदी. तिच्या तोंडाले चव नाई, असंच मी समजत गेलो. ताई, तिले फकस्त लसूण सोलाले देली असती ना, तरी जेवली असती ती. आता समजते. तिच्या टायमाले नाई समजलं."

जनावराच्या अंगावरून हात फिरवून पाव किलो ओळखणारा हा माणूस चार वर्षं तिचं न जेवणं एकट्यानं मनात घेऊन फिरत होता. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. साडी चांगली होती, पण बसले.

मग तेच म्हणाले, "उद्या तुमी या. रोज मीच हारलो तं तिले शंका येईन. हुशार हाय ती."

दुसऱ्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. तांड्यावर जाऊन पदर खोचला, चपला धुऱ्यावर काढून ठेवल्या. शाळा सुटल्यापासून मी धावले नव्हते. मनात ठरवून आले होते की बेतानं, हळूहळू जायचं आणि बाभळीच्या अलीकडे सुंदरीला पुढे जाऊ द्यायचं. आपण मोठ्या मनानं हरायचं, तिला कळू द्यायचं नाही. काकांनी हात खाली केला. मी दहा पावलं गेले आणि माझा पाय ढेकळात मुरगळला. सुंदरी शांतपणे माझ्या बाजूनं पुढे निघून गेली. मग मी जोर लावला, अगदी खरा जोर लावला, आणि तरी ती बाभळीपाशी माझ्या आधी पोचली. बायका इतक्या हसल्या की एकीच्या कडेवरचं मूल रडायला लागलं.

सुंदरीनं त्या संध्याकाळी पूर्ण भांडं संपवलं. बाण आणि तुरी शेतातून आले, त्यांचं झालं. मग काकांनी आपल्या ताटातली भाकरी मोडली, अर्धी माझ्यापुढे धरली.

"घ्या. धावले तुमी."

वर मिरचीचा ठेचा होता, नुसता तिखट. मी दिवसभर दुकानात काही ना काही तोंडात टाकत असते, पण ती भाकरी खाताना लागली तितकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. आम्ही अंगणात शेजारी शेजारी बसून जेवलो. काका हळूहळू, एकेक घास चावत होते. बाबूसिंगची बायको पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि तशीच दाराशी थांबली. निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. सीताबाई गेल्यापासून, ती म्हणाली, भासऱ्यांच्या शेजारी कुणी जेवायला बसलं नव्हतं.